वाऱ्याकडे पाठ केलेलं हरीण

मार्लिस ट्वेट टेकडी चढताना लांबून बघणाऱ्याला असं वाटे, की एक हरीणच तिला पकडून वर नेतंय. बाई लहानखुरी, आणि पाठीवरचं हरीण चांगलं वासराएवढं. हरीण प्लास्टिकचं होतं. त्याचे चार पाय आणि मुंडकं काढून पोकळ पोटात भरता येत, त्यामुळे ती चालू लागली की पोटातले पाय खडखड वाजत. वरून नारिंगी कापड घट्ट गुंडाळलेलं, कारण आमच्या दरीत ऑक्टोबर लागला की अर्धी माणसं काही ना काही मारायला रानात असतात, आणि अशा दिवसांत हरणाच्या रंगाची वस्तू उघडी पाठीवर घेऊन फिरणं म्हणजे स्वतःहून नेम धरायला बोलावणं.

वर ओकच्या झाडांच्या कडेला लसूणघासाचा एक पट्टा होता. तिथे पोचली की ती रबरी हातमोजे चढवी, पाय बसवी, मान फिरवून पक्की करी, शिंगं खोचे. मग कापडाची घडी करून पिशवीत, आणि ती स्वतः ओकवरच्या मचाणावर. धनुष्य मांडीवर. समोर गवतात प्लास्टिकचा तो तरणा नर, कुठल्याशा गहन विचारात.

आमच्याकडे तिला सगळे टपालबाई म्हणत. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी नाव सुटलं नव्हतं. उभी हयात तिने या दऱ्याखोऱ्यांतून टपाल वाटलं. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, म्हणून उजवीकडेच बसून गाडी हाकायची, आणि प्रत्येक फाट्यावरच्या खांबावरच्या पेटीपर्यंत उजवा हात बाहेर काढून ताणायचा. हिवाळ्यात पेटीचं झाकण गोठलेलं, ते मुठीने ठोकून उघडायचं. पत्र तिने कुणाचं कधी फोडलं नाही, पण पाकिटावरून माणूस ओळखायची. हा म्हातारा यंदा भोपळ्याच्या बियांची पुस्तकं का मागवतोय? त्या घरातल्या मुलीला अलास्काहून पत्रं येतात आणि ती पेटीपर्यंत पळत येते, पण परत जाताना चालत का जाते? असले प्रश्न तिला दिवसभर पुरत. तिचा नवरा आर्डेन सांगे, की लग्नात पाद्रीबाबा अंगठी घाला म्हणाले, तेव्हा हिने त्यांना मध्येच विचारलं होतं, डाव्याच हातात का. पाद्रीबाबा पुस्तक चाळू लागले होते. बाकावर बसलेले पाहुणे आपापसात वाद घालू लागले होते.

बंदुकीच्या शिकारीचे नोव्हेंबरातले नऊ दिवस तिला कधी आवडले नाहीत. सगळीकडे आरडाओरडा, ट्रक, थर्मास, पुरुषांची फुशारकी. तिशीत असताना तिने धनुष्य उचललं ते त्यामुळे. बंदुकीला हरीण लांबून चालतं. धनुष्याला ते इतकं जवळ लागतं की त्याच्या पापण्या दिसाव्यात. आणि मार्लिसला पापण्या बघायच्या होत्या. मांस घरी आलं तर हवंच होतं, हिवाळाभर त्याचे सॉसेज पुरत, चर्चच्या जेवणात तिची थाळी आधी संपे. पण तासन् तास झाडावर बसून, आपण नसताना रान काय करतं ते चोरून बघायचं, ही तिची खरी चैन.

मग उजवा खांदा गेला. टपालाच्या पेट्यांनी तो आतून झिजवला होता. आधी तिने धनुष्याचा ताण कमी करून घेतला, मग आणखी कमी. हलक्या धनुष्याचा बाण लांबवर जातो, पण पोचेपर्यंत त्याच्यात जीव राहत नाही. गेल्या वर्षी तिने एका मादीवर थोडं लांबून बाण सोडला. लागला, पण पुरेसा आत शिरला नाही. आर्डेनला घेऊन तिने पानांतले रक्ताचे थेंब शोधत अख्खा डोंगर पालथा घातला. मादी सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी, ओढ्यात, आणि तेव्हाही तिचा जीव गेलेला नव्हता. पुढचं मार्लिसने कुणाला सांगितलं नाही. घरी येऊन तिने भांडी घासली, आणि आर्डेनला एवढंच म्हणाली, की यापुढे दूधघराच्या दारापासून हातपंप जितका लांब आहे, त्याच्या आत जनावर आलं आणि त्याने आडवी कूस दाखवली, तरच बाण सुटेल. येता हंगाम बघायचा. तसं जमलं नाही तर धनुष्य कायमचं खिळ्याला टांगायचं.

गायी विकल्यापासून आर्डेनकडे वेळ होता. सप्टेंबरात त्याने स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या बाजूला, एक मोठा खिळा ठोकला. तिने तो बघितला आणि कढई चुलीवर ठेवली.

हे हरीण रोली क्वाम्मेच्या दुकानातलं. रोली खिळे, पशुखाद्य, कुंपणाची तार आणि गप्पा विकतो. कुणा गिऱ्हाइकाने मागवलं आणि घ्यायला आलाच नाही, म्हणून तो तरणा नर खिडकीत उभा होता, डोक्यावर बियाणं कंपनीची टोपी घालून. मार्लिस आली आणि तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग खाली वाकून पोटाखालून बघितलं.

रोलीने विचारलं, की ही कसली तपासणी. ती म्हणाली, अशा हरणाला बघून खरं हरीण जवळ येतं असं छापतात. ते का येतं?

"येतं कुठे?" रोली म्हणाला. "गिऱ्हाईक येतं. हरणाला वाचता येत असेल तर गळ्यात पाटी बांध, 'या, बसा' म्हणून."

"तुझ्या दुकानात पाटी नाही तरी हे चौघे रोज येऊन बसतात की," मार्लिस म्हणाली. कॉफीच्या भांड्याभोवतीचे चौघे हसले, आणि रोलीने टोपी काढून घेऊन हरीण तिच्या हवाली केलं. बंदुकीचा हंगाम सुरू होईपर्यंत ठेव, म्हणाला, चाललं तर तुझं, नाही चाललं तर टोपी परत घालू.

घरी आर्डेनने त्या प्राण्याकडे नीट बघितलं आणि त्याला आपल्या नॉर्बर्टकाकाची आठवण झाली. ट्वेटांच्या घरच्या प्रत्येक लग्नात आणि मयताला हे काका कोपऱ्यात ताठ उभे राहत, कुणाशी एक अक्षर बोलत नसत, आणि जेवण वाढलं की सगळ्यांत आधी दिसेनासे होत. म्हणून हरणाचं नाव नॉर्बर्टकाका पडलं.

नॉर्बर्टकाकाला पशुखाद्याचा, कॉफीचा आणि रोलीच्या पाइपचा वास येत होता. मार्लिसने त्याला न्हाणीघरातल्या टबात घातलं आणि खाण्याच्या सोड्याने चोळचोळून धुतलं. आर्डेनने दार उघडलं तर आत बायको आणि हरीण.

"आंघोळ चाललीय," ती म्हणाली. "रांगेत थांब."

मग काका गोठ्याच्या मोकळ्या माळ्यावर वाऱ्याला लागले. माणसाचा वास चिकटू नये म्हणून त्यांना हात लावायचा तर रबरी मोजे घालूनच. कुत्रं त्यांच्याकडे बघून दोन दिवस भुंकलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या पायापाशी झोपलं. हे चांगलं लक्षण की वाईट, हे मार्लिसला ठरवता येईना.

पहिल्या संध्याकाळी मक्याच्या शेतातून एक म्हातारी मादी वर आली. लांब तोंड, एका कानाला चीर. ती पट्ट्याच्या कडेला आली आणि तिला नॉर्बर्टकाका दिसले. तिने मान खाली घातली, वर केली, पुन्हा खाली घातली. मग पुढचा एक पाय उचलून जमिनीवर आपटला. थांबली. पुन्हा आपटला. मचाणावर मार्लिसला ते स्वच्छ ऐकू आलं, दारावर थाप मारावी तसं. मादी वाट बघत होती. नाटकात समोरच्याचं वाक्य अडलं की जाणती नटी आपलंच वाक्य पुन्हा म्हणते, मग त्यातलाच एखादा शब्द दाबून म्हणते, डोळ्यांनी खुणावते. तसंच हे चाललं होतं. पण समोरचा नट मख्ख. शेवटी मादीने नाक असं जोरात फुंकारलं की आवाज खालच्या कुरणापर्यंत गेला, आणि पांढरी शेपटी उभी करून ती निघून गेली. त्या संध्याकाळी पट्ट्यावर दुसरं काही फिरकलं नाही.

नॉर्बर्टकाका नसते तर ती मादी नेहमीसारखी शांतपणे चरत आली असती, हे मार्लिसला कळत होतं. म्हणजे या उपद्व्यापाने फायद्याऐवजी तोटाच झाला. तिने घरी येऊन तसं कबूलही केलं. पण बटाटे सोलता सोलता म्हणाली, "तिला काहीतरी उत्तर हवं होतं, आर्डेन. ती काय विचारत होती?"

"हेच, की तुम्ही कुठले ट्वेट," आर्डेन म्हणाला.

काही दिवसांनी थंडी पडली. माद्यांच्या मागे नर हिंडू लागले, ओकच्या खोडांवर शिंगांचे ओरखडे दिसू लागले. एका संध्याकाळी पट्ट्याच्या वरच्या टोकाला एक नर आला. मान फुगलेली, कान मागे पाडलेले, अंगावरचे केस उभे. तो नॉर्बर्टकाकाकडे सरळ आला नाही, पाय ताठ ठेवून तिरका तिरका आला, गल्लीतल्या पैलवानाने खांदे पाडून यावं तसा. मार्लिसने धनुष्य उचललं. खांद्यात कळ आली ती तिने गिळली. नर जवळ येत होता. पण आला तो काकांच्या पलीकडून. थेट त्यांच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला, नाकाला नाक भिडेल असा. म्हणजे आधी मचाण, मग काका, आणि काकांच्या पलीकडे तो, तोही तिच्याकडे तोंड करून. अंतर पंपाच्या पलीकडचं. समोर दिसत होती फक्त छाती आणि शिंगं. असा बाण कुणी सोडत नाही. तिने वाट बघितली. नराने काकांच्या खांद्यावरून वर बघितलं, ओकवरच्या गाठोड्याकडे बघितलं, आणि जसा आला तसा गेला.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून दुकानातले चौघे खूश झाले. एक म्हणाला, त्याने काकांशी बोलून बघितलं असेल, पण काका पडले नॉर्वेजियन, आणि आमच्याकडचे नॉर्वेजियन मोजूनमापून बोलतात, त्यामुळे गप्पा पुढे गेल्या नसतील. रोलीने टोपी काउंटरखालून काढून झटकून ठेवली.

मार्लिसने टोमणे मनावर घेतले नाहीत, पण तो नर पलीकडून का गेला, हा प्रश्न तिने घेतला. त्याच दुपारी ती पट्ट्यावर गेली आणि चार पायांवर आली. हरणाच्या उंचीवरून काका कसे दिसतात ते तिला बघायचं होतं. मक्याच्या बाजूने रांगत रांगत ती निघाली. खालून बघितलं तर काका आभाळासमोर फार काळे दिसत होते, फार उंच, आणि फार म्हणजे फार स्थिर. कान हलत नाही. शेपटी हलत नाही. जिवंत प्राणी इतका स्थिर कधी असतो? घाबरलेला असेल तेव्हाच. म्हणजे म्हातारी मादी विचारत होती, तुला काय दिसलं? आणि हा सांगत नव्हता.

आर्डेन कुंपण दुरुस्त करायला वर आला होता. त्याला लसूणघासातून रांगणारी बायको दिसली.

"घेतलं का कळपात?" त्याने विचारलं.

"अजून विचार करताहेत," ती म्हणाली.

रात्रीच्या जेवणाआधीच तिने त्याचा पांढरा हातरुमाल कापला. चरताना हरीण शेपटी आडवी हलवतं, सगळं ठीक आहे असं सांगत, हे तिने मचाणावरून हजारदा बघितलं होतं. रुमालाची पट्टी काकांच्या मागे टाचली. तिला मासे धरायची तंगूस बांधली, तंगूस गवतातून झाडापर्यंत आणली, खोडावरून वर घेतली आणि तिचा फास आपल्या डाव्या बुटाच्या टोकाला अडकवला. हात धनुष्याला मोकळे राहिले पाहिजेत. बुटाचं टोक हळूच उचललं की काकांची शेपटी हले. पुढचा सबंध दिवस ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून, अंग न हलवता फक्त बुटाचं टोक उचलायची तालीम करत होती.

पण काकांना उभं कसं करायचं हा घोळ राहिलाच होता, आणि त्याचं उत्तर समोर असून तिला दिसत नव्हतं. तिचे वडील सेल्मर मिसिसिपीच्या काठच्या पाणथळीत बदकं मारत. लाकडाची बदकं ते स्वतः कोरत आणि पहाटेच्या काळोखात ही पोर गुडघाभर पाण्यात उभी राहून ती मांडी. प्रत्येक बदकाचं तोंड वाऱ्याकडे. पाण्यावरचं बदक वाऱ्याला तोंड देऊनच बसतं, आणि उतरणारं बदकही वाऱ्यात शिरूनच उतरतं. एखादं जरी उलटं दिसलं तर सेल्मर होडी वळवून परत जात आणि ते एक बदक फिरवून येत. आमच्या नदीकाठच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, त्याच्या हातांनाच ते ठाऊक असतं. तर वारा वायव्येचा. तिचा वास हरणांना लागू नये म्हणून मचाण वाऱ्याच्या खालच्या अंगाला. काका वाऱ्याच्या वरच्या अंगाला. आणि तिच्या हातांनी रोज, न विचारता, काकांचं तोंड वाऱ्याकडे केलेलं. म्हणजे पाठ तिच्याकडे.

ते उघडं पडलं ते आर्डेनमुळे. बंदुकीच्या हंगामाला थोडेच दिवस उरले होते. एका संध्याकाळी अंधार पडू लागला तरी ती खाली आली नाही, म्हणून तो वर आला. मचाणाखाली येऊन हाक मारायची ते सोडून तो सरळ पट्ट्यात शिरला, काकांना वळसा घालून त्यांच्या समोर गेला, टोपी काढली आणि त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाला, की नॉर्बर्टकाका, सूप गार होतंय, तुमच्या सुनेला सांगा.

मार्लिस वरून बघत राहिली. आर्डेन उभा होता तो नेमका त्या नराच्या जागी. तसंच तोंड तिच्याकडे, तेवढंच अंतर.

"हलू नकोस," ती म्हणाली. "तू तिकडे का गेलास?"

"कुठे?"

"त्याच्या पुढे. पाठीमागून येत होतास, माझ्याकडूनच. मग वळसा का घातलास?"

आर्डेनने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "बोलायचं होतं ना. माणसाच्या पाठीशी काय बोलणार?"

ती मचाणावरून इतक्या भरभर उतरली की तंगूस बुटातच राहिली आणि काकांची शेपटी वेड्यासारखी हलली. तिने काकांना धरलं आणि वळवलं. तोंड मचाणाकडे, पाठ वाऱ्याकडे. हातांना ते पटेना. तिने हात मागे घेतले, आणि ते पुन्हा पुढे होऊन काकांना जरासे सरळ करू लागले. तेव्हा तिने दोन्ही हात खिशात घातले.

"तुझे वडील असते तर होडी घेऊन परत आले असते," आर्डेन म्हणाला.

"बदक उतरायला येतं," ती म्हणाली. "हा भांडायला येतो. चल, परत ये बघू. वरून ये, त्या झाडाकडून. राग आलाय असं समज."

"कसला राग?"

"तुझा रुमाल कापला."

तिने पुन्हा वर जाऊन त्याला तीनदा चालायला लावलं. पहिल्यांदा तो गंभीरपणे चालला. दुसऱ्यांदा त्याने खांदे पाडले, मान फुगवली. तिसऱ्यांदा त्याला भूमिका इतकी चढली, की त्याने कपाळ काकांच्या शिंगांना भिडवलं. तिन्ही वेळा वळसा घालताना तो मचाण आणि काका यांच्या मधून गेला, तिच्याकडे आडवी कूस करून, पंपाच्या अंतराच्या चांगलाच आत. मार्लिसने वरून नुसत्या हाताने धनुष्य ताणल्याचा आविर्भाव केला. आर्डेनच्या ते लक्षात आलं. तो म्हणाला, की एवढ्या वर्षांच्या संसारानंतर हे आपल्याला आवडलं नाही.

सूप खरोखरच गार झालं होतं. त्यांनी ते तसंच खाल्लं.

बंदुकीच्या हंगामाच्या आदल्या संध्याकाळी थोडं बर्फ भुरभुरलं. उद्या पहाटेपासून डोंगरात गोळ्या सुटणार, हरणं दाट झाडीत जाणार, आणि काकांना उघड्यावर उभं करणं म्हणजे वेडेपणा. जे व्हायचं ते आज. मार्लिसने काकांच्या पाठीवरचं बर्फ झाडलं, जिवंत जनावराच्या पाठीवर ते वितळलं असतं म्हणून, आणि वर जाऊन बसली. खांदा सकाळपासून ठणकत होता.

आधी आली ती चिरलेल्या कानाची म्हातारी. मक्यातून वर, कडेपर्यंत. मान खाली, मान वर. मग पाय आपटला.

मार्लिसने बुटाचं टोक उचललं. रुमाल एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे, आणि थांबला.

म्हातारी बघत राहिली. पुन्हा पाय आपटला, पण या वेळी हलका. बूट पुन्हा हलला. मग तिने जे केलं ते मार्लिस पुढे कितीतरी दिवस ज्याला त्याला सांगत होती. तिने स्वतःची शेपटी हलवली, तशीच, आडवी, आणि मान खाली घालून चरू लागली. मचाणावर बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. थंडीने आलं असंही म्हणता येईल.

म्हातारी निवांत चरताना दिसली म्हणून असेल किंवा तिचाच माग काढत असेल, ओकमधून नर बाहेर आला. तोच, फुगलेल्या मानेचा. काकांना बघून त्याने कान पाडले. तिरका तिरका येऊ लागला, आर्डेनपेक्षा थोडा कमी चांगला. वाऱ्याकडून आला, काकांच्या पाठीमागून, आणि मागे थांबला नाही. वळसा घालून पुढे आला. पंपाच्या आत. त्याच्या पापण्यांवर बर्फाचे कण होते.

तिने धनुष्य ताणलं. अर्ध्यावर खांदा अडला, आणि तिला दोर हळूच परत सोडावा लागला. तेवढ्या हालचालीने नर वर बघेल म्हणून तिने श्वास धरला. पण त्याचं सगळं लक्ष या उद्धट पाहुण्यावर होतं, जो नजर खाली करत नव्हता. त्याने शिंगं खाली घातली आणि काकांना असा दणका दिला की मुंडकं निघून बाजूला गवतात गेलं आणि धड आडवं पडलं. तंगूस ताणली जाऊन तिचा डावा पाय फळीवरून ओढला गेला, बूट पायातून निसटून खाली पडला आणि तंगूस तुटली. मार्लिसचा कमरेचा पट्टा झाडाला बांधलेला होता म्हणून बरं.

नर एक उडी मागे सरला आणि थिजला. असं त्याच्या आयुष्यात कधी झालं नसणार. एका टकरीत शत्रूचं डोकं लांब पडलेलं, आणि तरी तो ना ओरडत ना पळत. नर त्या मुंडक्याकडे बघत उभा राहिला, आडवी कूस मचाणाकडे करून. पुढे काय होतं हे त्यालाही बघायचं होतं, आणि ते मार्लिसला अगदी मनापासून समजलं. तिने दात आवळले आणि दुसऱ्यांदा धनुष्य ओढलं. या वेळी ते पूर्ण आलं.

बाण लागल्याचा आवाज झाला. नर ओकच्या कडेपर्यंत धावला आणि तिथे, तिच्या डोळ्यांसमोर, पडला. पुन्हा उठला नाही. शोधावं लागलं नाही. तिने धनुष्य दोरीला बांधून खाली सोडलं आणि मग स्वतः उतरली.

आर्डेन ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा ती एकाच पायात बूट, नॉर्बर्टकाकाचं मुंडकं मांडीवर घेऊन, नराशेजारी बसली होती. आधी त्याने तिचा दुसरा बूट शोधून आणला.

आठवड्यानंतर दुकानात रोलीने विचारलं, की तर मग चालतं म्हणायचं का हे. टोपी काउंटरवर तयार होती. मार्लिसने त्याला सरळ उत्तर दिलं नाही, कारण सरळ उत्तर नव्हतं. दाट झाडीत याचा काही उपयोग नाही, म्हणाली, उघड्यावरच हवं, लांबून दिसेल असं. नर चवताळलेले असतात तेवढेच दिवस. बाकीचे दिवस एक प्लास्टिकचा प्राणी डोंगरावर चढवायचा आणि उतरवायचा. धुवायची कटकट वेगळीच. नीट उभा केला नाही तर असलेली हरणंही पळवतो. ज्याचं धनुष्य दणकट आहे, त्याने या फंदात पडू नये.

"म्हणजे नाही चालत," रोली म्हणाला.

"मला चालतं," मार्लिस म्हणाली, आणि टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून घरी आली.

धनुष्य नेहमीच्या पेटीतच राहिलं. चुलीवरचा खिळा आर्डेनने उपटला नाही. त्यावर त्याने नॉर्बर्टकाकाचं नारिंगी कापड वाळत घातलं आणि ते तिथलंच झालं. काकांची मान त्याने डिंकाने आणि तारेने जोडून दिली, थोडी वाकडी बसली, त्यामुळे आता ते काहीतरी विचारत असल्यासारखे दिसतात.

जानेवारीत, शिकारीचे सगळे हंगाम संपले तेव्हा, एका दुपारी मार्लिसने ते कापड खिळ्यावरून काढलं. काकांची शिंगं तिने काढून ठेवली होती, कारण या दिवसांत खऱ्या नरांचीही गळून पडतात. धनुष्याच्या पेटीकडे ती गेली नाही. तंगूसचं नवं रीळ तेवढं खिशात घातलं.

आर्डेनने पेपरावरून डोकं वर काढून विचारलं, की आता कुठे.

"म्हातारीकडे," ती म्हणाली. "तिने शेपटी हलवली ती मला उत्तर म्हणून की स्वतःपुरतीच, हे कळलं नाही अजून."

आणि पाठीवर काकांना घेऊन, पोटातले पाय खडखडवत, ती बर्फातून टेकडी चढू लागली.